एकेचाळीस लेपांचं चित्र

१

भिंतीवर चित्र नव्हतं, चित्राची जागा होती. श्रावणाच्या ओलीनं भिंत सगळी काळवंडलेली, आणि मधोमध चार फूट लांब, चार फूट रुंद असा पांढराशुभ्र चुना उघडा पडलेला. वरचा खिळा जागच्या जागी. दाराचं कुलूपही धडधाकट.

कीर्तनकार सुलक्षणाबाई वळचणीखाली, चपलांच्या ओळीत आपल्या वहाणा काढून आत आल्या आणि थबकल्याच. संध्याकाळी याच चित्रासमोर त्यांचं कीर्तन व्हायचं होतं. त्यांच्यामागून पेटी छातीशी धरून आलेले हैबतराव भिंतीकडं बघत म्हणाले, "ताई, आख्यान लागायच्या आधीच नायक पळाला की."

खोलीत आणखी दोघंच होती. एक मृण्मयी, चित्रकार विलास तळपदे यांची मुलगी. सूसच्या सोसायटीत राहणारी, कंपनीत नोकरी करणारी. दुसरा पियूष. मुंबईच्या एका संग्रहालयानं चित्र बांधून न्यायला त्याला कालच इथं, भरे गावात पाठवला होता. दुपारी चार वाजता संग्रहालयाच्या कल्पनाताई स्वतः येणार होत्या, कीर्तन ऐकून चित्र घेऊन जाणार होत्या.

"दुसरं एखादं लावू या का आजच्यापुरतं?" हैबतरावांनी विचारलं.

"दुसरं नाहीच," मृण्मयी म्हणाली. "बाबांनी आयुष्यात एकच चित्र ठेवलं. एकाच फळीवर दर वर्षी एक लाल लेप. एकेचाळीस वर्षं, एकेचाळीस लेप. बाकी सगळी कागदपत्रं, रेखाटनं त्यांनी जाळली. सहा महिन्यांपूर्वी ते गेले. आता हे गेलं तर त्यांचं या जगात काहीच उरलं नाही."

कुलपाच्या किल्ल्या दोन. एक तिच्याकडं, दुसरी जागेचे मालक आणि गावच्या बहिरोबाचे पुजारी गेणबा यांच्याकडं. ही खोली म्हणजे त्यांचाच जुना गोठा. चित्र गावाबाहेर जाऊ नये म्हणून गेणबा गेला महिनाभर तोंड फुगवून होते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तेवढ्यात गेणबाच दारात आले. कमरेला ओलं धोतर, पाय अनवाणी, कपाळाला बुक्का. आत पाऊल न टाकता उभे राहिले.

"काका, चित्र कुठंय?" मृण्मयीनं विचारलं.

"चोरी झाल्याली न्हाई."

"मग आहे कुठं?"

"बारा वाजू द्या. मंग काय इचारायचं त्ये इचारा." एवढं बोलून म्हातारा पाठ फिरवून चालू लागला.

मृण्मयीनं फोन काढला. "मी पोलिसांना बोलावते. आणि नाव यांचंच देते."

सुलक्षणाबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "तुझे बाबा माझ्या कीर्तनाला शेवटच्या रांगेत येऊन बसायचे. त्यांच्यासाठी मला बारापर्यंतचा वेळ दे. चाळीस वर्षं मी माणसांसमोर उभी राहते, बाळ. कोण ऐकतंय आणि कोण ऐकल्यासारखं करतंय, तेवढं मला कळतं."

मृण्मयीनं घड्याळाकडं बघितलं. साडेनऊ झाले होते. "बाराला एक मिनिट झालं की फोन करणार," ती म्हणाली.

२

"मला आधी चित्र समजाव," सुलक्षणाबाई म्हणाल्या. दोघी खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. बाहेर ताम्हिणीकडून सुटलेला पाऊस भाताच्या खाचरांवर येत-जात होता.

"मलाच कधी समजलं नाही," मृण्मयी म्हणाली. "लाल गोल. ना डोळे, ना नाक. लहानपणी आई मला दर रविवारी इथं आणायची. मी म्हणायची, बाबा, घोडा काढा ना. ते हसायचे आणि लाल रंग घोटत बसायचे. मला बाप मिळाला नाही, त्या भिंतीला मिळाला."

"आणि हे खूळ शिरलं कुठून?"

"खूळच. मुंबईत चित्रकला शिकत असताना त्यांनी एका पुस्तकात फोटो पाहिला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रशियात एका चित्रकारानं नुसता काळा चौकोन रंगवला. झाड नाही, माणूस नाही, काही नाही. आणि प्रदर्शनात तो टांगला कुठं, तर खोलीच्या वरच्या कोपऱ्यात. तिकडच्या घरांत त्या कोपऱ्यात देवांच्या तसबिरी असतात."

सुलक्षणाबाई पुढं सरकून बसल्या. त्या माणसाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं. पण कुणीतरी देवाच्या जागी रूपच नसलेलं काही ठेवतो, म्हणजे काय करतो, ते त्यांना फार आतून कळलं. सगुण-निर्गुणाचं निरूपण करता करता त्यांचे केस पांढरे झाले होते. आणि त्या परक्या माणसानं ते एका खिळ्यावर टांगून दाखवलं होतं.

"बाबा म्हणायचे, त्या फोटोनं माझा हातच मोडला. घोडा काढावा, बाई काढावी, असं वाटेचना. दहा वर्षं त्या चौकोनाच्या नकला करत राहिले आणि फाडत राहिले. मग एका मित्राच्या लग्नाला या गावात आले आणि बहिरोबाच्या देवळात शिरले. नुसता दगड, त्यावर शेंदूर. जेवणावळ उठली तरी हे तिथंच. म्हणाले, तिकडं जे शोधायला माणसांना इतकी उलथापालथ करावी लागली, ते इथं गेणबाच्या बापानं रोज तेल घालून जपलंय. पुढच्या महिन्यात हा गोठा भाड्यानं घेतला."

"शेंदूरच लावायचे?"

"शेंदूरच, पण जवसाच्या तेलात घोटून. ते तेल वाळून दगडासारखं होतं. गेणबाकाका देवाला तिळाचं तेल वापरतात, ते वर्षभर बोटाला लागतं. यावरून दोघांची कायम थट्टा चालायची. काका म्हणायचे, मास्तर, तुमचा देव लई कडक हाय, आमचा मऊ हाय."

आणि पहिल्यांदाच मृण्मयीचे डोळे भरून आले. "मला ते चित्र कळलं नाही, म्हणून मी ते द्यायला निघाले होते. ज्यांना कळतं त्यांना. माझ्या हातून तेवढं तरी नीट व्हायला हवं होतं."

३

पियूष यंत्राची वायर गुंडाळत होता. गुडघ्याएवढं पांढरं यंत्र. हवेतला दमटपणा शोषून घेणारं.

"काल लावलं होतं का?" सुलक्षणाबाईंनी सहज विचारलं.

"हो मॅडम. इथं ह्युमिडिटी फार आहे. बुरशी येते. संध्याकाळी सहाला लावलं, दहाला बंद करून, कुलूप दाबून पिरंगुटला लॉजवर गेलो."

"शोषलेलं पाणी कुठं जातं?"

"खाली टाकी असते. ही बघा." टाकी काठोकाठ भरलेली होती.

"भरायला किती वेळ लागतो?"

"अशा हवेत दहा-बारा तास."

"मग सहा ते दहा, चार तासांत कशी भरली?"

पियूषचे कान लाल झाले. हैबतराव पेटीचा भाता उगाच पुसत पुटपुटले, "सम चुकली पोराची."

"रात्रभर चालू राहिलं," पियूष म्हणाला. "विसरलो नव्हतो, मुद्दाम ठेवलं. गाडीत ओलं चित्र नको म्हणून. खरं तर असं करायचं नसतं. चाळीस पावसाळे प्यायलेली फळी. एकदम सुकवली की आकसते. वरचा रंग कडक, तो आकसत नाही. मग..."

"मग?"

त्याची नजर खाली गेली. भिंतीखाली त्यानं कालच जाड फोम अंथरून ठेवला होता, बांधणीसाठी. सुलक्षणाबाई त्यावर वाकल्या. पांढऱ्या फोमवर लाल कण सांडले होते, आणि ते विस्कटलेले नव्हते. मोठी परात उचलल्यावर पिठाची कड उरावी तशी गोल कड उमटली होती.

पियूष तिथंच खाली बसला. "रंग सुटला. अख्खा पापुद्रा निघून पडला, मॅडम. मी मारलं ते चित्र."

"पडलं असेल तर इथंच असायला हवं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "पडलेलं चित्र चालत जात नाही. आणि मोडकं चित्र कुठला चोर नेतो?"

४

गोठ्यामागच्या घरात गेणबांची बायको रंभाबाई चुलीपुढं बसली होती. चूल मात्र थंड.

"रंभाबाई, चहा नाही का आज?"

"आज न्हाई. उपास हाय."

"एकादशी तर होऊन गेली."

"आमचा येगळा हाय." म्हातारीनं अनवाणी पाय पदराखाली ओढून घेतले. केस न्हालेले, लुगडं ओलं. "बसा तुमी. तुमचं कीर्तान म्या आळंदीला ऐकल्यालं हाय. लई रडवलंत."

"गोठा रोज तुम्ही झाडता ना?"

"चाळीस वर्सं. मास्तर असताना बी, मास्तर गेल्यावं बी. झाडते आन दिवा लावते."

"दिवा? चित्राला?"

"मंग काय इजेच्या दिव्याला लावू?" रंभाबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं की सुलक्षणाबाईंना आपलाच प्रश्न खुळा वाटला.

"आज पहाटे झाडलं?"

"गेले व्हते. झाडलं न्हाई."

"का?"

रंभाबाईनं चुलीतली थंड राख काडीनं सारखी केली. बाहेर परसात कोंबडी फडफडली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमी देवाची मान्सं. तुमच्याम्होरं खोटं बोलायचं न्हाई, आन खरं आत्ता सांगायचं न्हाई. आता उठा."

५

सुलक्षणाबाई परत आल्या तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. मृण्मयी फोन हातात घेऊनच उभी होती. सुलक्षणाबाई मात्र आत न जाता वळचणीखालीच थांबल्या आणि बोटानं काहीतरी मोजू लागल्या.

"हैबतराव, सकाळी आत किती माणसं होती?"

"मी, तुम्ही, मृण्मयी, हे पियूष. चार."

"आणि तेव्हापासून इथं चपलांचे जोड आहेत सहा. हा टायरच्या तळव्याचा आणि हा रबरी, बायकी. गेणबा सकाळी आले ते अनवाणी. रंभाबाई चुलीपुढं बसलीय ती अनवाणी. श्रावणातल्या चिखलात दोन म्हातारी माणसं चपला इथं सोडून घरी का गेली?"

"पावलं वाजू नयेत म्हणून," हैबतराव म्हणाले. "चोर काढतोच चपला."

"चोर चपला हातात घेऊन पळतो, हैबतराव. ओळीत लावून ठेवत नाही." त्यांनी अंगणाकडं बोट दाखवलं. चिखलात उघड्या पावलांचे दोन माग गेले होते, एकामागं एक. पावलं जवळजवळ पडलेली, टाचा खोल रुतलेल्या. "घाई नाही. जड आहे, पण जपून नेलंय. आणि माग जातोय देवळाकडं."

मग त्यांनी दाराच्या चौकटीला बोट लावलं. दोन्ही बाजूंना, एकाच उंचीवर, लाल डाग. बोट लाल झालं. "रुंद वस्तू दारातून काढताना हात घासले. पण हा रंग ओला आहे. विलासरावांचा रंग तर वाळून दगड होतो. म्हणजे हा तिळाच्या तेलातला शेंदूर. आज रविवार. पहाटे बहिरोबाची पूजा करून आलेले हात आहेत हे."

"म्हणजे काकाच!" मृण्मयी म्हणाली.

"नेलं त्यांनीच. पण काय नेलं? आपण म्हणतो चित्र नेलं. त्यांच्या लेखी ते काय होतं?" सुलक्षणाबाईंनी लाल झालेलं बोट कपाळाला लावलं. "मी लहान असताना आमच्या गावच्या मारुतीची शेंदराची खोळ निघाली होती. शेकडो वर्षांचे थर, एका सकाळी सगळे गळून खाली. गावात कुणी जेवलं नाही. देवानं खोळ टाकली की ती जमिनीवर पडून राहू द्यायची नाही. कोऱ्या कपड्यात गुंडाळायची, अनवाणी न्यायची, उपास धरायचा, कार्य होईपर्यंत त्याची वाच्यता करायची नाही. रंभाबाई पहाटे झाडायला आली आणि तिनं बघितलं, देवानं खोळ टाकलीय. बिचारीनं चोरी केली नाही. तिनं धर्म पाळला."

पियूष उठून उभा राहिला. "म्हणजे पापुद्रा शाबूत आहे?"

"आत्ता आहे." त्यांनी घड्याळ बघितलं. "आमच्याकडं खोळ बरोब्बर मध्यान्ही नदीत सोडली होती. आणि उघड्या पडलेल्या देवाला त्याच वेळी नवा लेप दिला होता."

बाराला बारा मिनिटं कमी होती. मृण्मयी चपला न घालताच धावत सुटली.

६

देवळात गाभाऱ्यापुढं पडदा होता. पडद्याअलीकडं पाटावर कोऱ्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, चपटं, आणि त्याला हळदकुंकू वाहिलेलं. गेणबांच्या हातात कालवलेल्या शेंदराची वाटी. बाहेर नदीवर न्यायला टाळ-मृदंग घेऊन चार माणसं उभी होती.

"थांबा काका!"

"पोरी, वरडू नगं. देव उगडा हाय."

"ते माझ्या बाबांचं चित्र आहे!"

"आमी कुटं न्हाई म्हणतोय?" गेणबा शांतपणे म्हणाले. "मास्तर दरसाली लेप द्यायचे. आमी रोज दिवा लावायचो. चाळीस वर्सं दिवा लावल्यावं देव न्हाई तर काय ऱ्हाईल त्ये?"

मृण्मयी पाट आणि दार यांच्यामध्ये उभी राहिली. टाळकरी चुळबुळले. तेव्हा सुलक्षणाबाईंनी पुढं होऊन देवाला हात जोडले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "गेणबा, तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. रीत तेवढी सांगा. खोळ सोडायचा मान कुणाचा?"

"ज्यानं लेप दिला त्याच्या घरचा. ह्ये काय इचारनं झालं?"

"इथं लेप कुणाचे?"

गेणबांनी पाटाकडं बघितलं, मग मृण्मयीकडं. रंभाबाई मागून म्हणाली, "म्या म्हनलं व्हतं तुमास्नी, पोरीला इचारा."

"कवा म्हनलीस?"

"मनात म्हनलं व्हतं."

हैबतराव खोकले. गेणबांनी वाटी खाली ठेवली, ओल्या धोतराला हात पुसले आणि मृण्मयीपुढं हात जोडले. "चूक झाली, लेकी. मान तुजा. तू म्हनशील तसं."

मृण्मयी पाटाशी बसली. तिनं धोतर उलगडलं. लाल पापुद्रा अख्खा होता, परातीसारखा गोल, एका कडेला टवका तेवढा गेलेला. पियूषनं खिशातलं भिंग काढून त्या तुटक्या कडेला लावलं आणि तो ओठांतल्या ओठांत मोजू लागला. एकावर एक, केसाएवढे थर. कुठं गडद, कुठं फिका. तो एकेचाळीसपर्यंत गेला आणि भिंग डोळ्यांवरून काढेचना. पोरगं रडत होतं.

"आणि फळी?" मृण्मयीनं विचारलं.

"ती आत हाय. देवाशेजारी. लेपाआदी कुनी बघायचं नसतं."

"मला बघायचंय."

गेणबा घुटमळले. बापजाद्यांची रीत होती. पण रंभाबाई पुढं झाली. "लेकीनं बापाला बगायचं न्हाई तर कुनी बगायचं?" असं म्हणून तिनं पडदा सारला.

गाभाऱ्यात दुपारीही अंधार होता. समईच्या उजेडात आधी बहिरोबाचा शेंदरी दगड दिसला. त्याच्या उजव्या हाताला, कोपऱ्यात, ती फळी टेकवून ठेवलेली होती. तिच्यावर, लाल गोलाच्या जागी, काळा चौकोन होता. बाकी काही नाही. एकेचाळीस लाल लेपांखाली विलासरावांनी तो ठेवला होता. तरुणपणी ज्यानं त्यांचा हात मोडला, तोच. सगळ्या नकला फाडल्या, ही एक फाडली नाही. तिच्यावरच आयुष्य चढवलं.

मग गेणबा कुजबुजले, "माज्या बापाच्या वक्ताला ह्या देवानं खोळ टाकली व्हती. म्या ल्हान व्हतो, पडद्याच्या फटीतनं बगितलं. आत असाच व्हता. काळा. निस्ता काळा."

सुलक्षणाबाईंनी गुडघे टेकले. दूरदेशीच्या त्या माणसानं आपला चौकोन देवाच्या कोपऱ्यात ठेवला होता. त्यानंतर राज्यं बुडाली, लढाया झाल्या, तो माणूस मातीत गेला. आणि आज पहाटे, त्याचं नावही कानावर न पडलेल्या दोन म्हाताऱ्यांनी, उपाशीपोटी, अनवाणी, त्याच्या चौकोनाला पुन्हा देवाच्या कोपऱ्यात आणून बसवलं होतं. कुणी सांगितलं त्यांना? कोण नेतं हे असं, हातातून हातात?

मृण्मयी किती वेळ बघत होती कुणास ठाऊक. लांबवर पिरंगुटकडच्या कारखान्याचा बाराचा भोंगा झाला.

"काका," ती शेवटी म्हणाली, "खोळ नदीत नको. ती चार वाजता कल्पनाताईंबरोबर जाऊ दे. बाबांचे हात आहेत त्यात, ते लोकांना दिसू देत. फळी इथंच राहील."

"आन लेप?"

"आज नको. बाबांना हे झाकायला एकेचाळीस वर्षं लागली. मला थोडे दिवस बघू द्या. मी कधी बघितलंच नव्हतं."

गेणबांनी बायकोकडं बघितलं. रंभाबाईनं मान हलवली आणि वाटीवर झाकण ठेवलं. मग ती पियूषकडं वळली. "आन तू रं, उपाशी हायस का? रडू नगं. आमच्या सात पिढ्यांस्नी देव उगडा करायला जमलं न्हाई, तुज्या डब्यानं एका राती केला. चल, भाकरी टाकते."

कल्पनाताई चारला आल्या. खोळ बघून त्या बोलल्या पुष्कळ. फळी बघितल्यावर मात्र देवळाच्या फरशीवर गावातल्या बायकांत जाऊन बसल्या.

सहा वाजता कीर्तन देवळातच उभं राहिलं. हैबतरावांनी सूर धरला. सुलक्षणाबाईंनी नमन म्हटलं, पूर्वरंगाचं पद लावायला हात उचलला. पदं पाठ होती, दृष्टांत तयार होते, विलासरावांची अख्खी कथा महिनाभर घोटलेली होती. कीर्तनकारानं श्रोत्यांकडं पाठ करायची नाही, हे त्यांच्या गुरूंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण आज सांगण्याआधी त्यांना बघायचं होतं. त्या वळल्या. गाभाऱ्यातल्या त्या काळ्या चौकोनाकडं तोंड करून, दोनशे माणसांकडं पाठ करून, टाळ हातात तसेच ठेवून खाली बसल्या.

हैबतरावांनी पेटी थांबवली नाही. एकच सूर चालू राहिला. बराच वेळ गेला, पण मंडपातून कुणी उठलं नाही.